उभ्या पियानोचा जीर्णोद्धार

उभ्या पियानोत बोट पट्टीवर पडते आणि सूर तारेतून निघतो. या दोहोंच्या मधे लाकूड, नमदा, कातडे आणि स्प्रिंगा यांची जी यंत्रणा असते तिला ॲक्शन म्हणतात. ती सगळी सुटी करून सतरंजीवर मांडली तर काही हजार तुकडे होतात. मांडायला एक दुपार पुरते. परत जोडायला किती वेळ लागतो याविषयी निश्चित सांगता येत नाही, कारण बऱ्याच घरांत ते काम अजून चालू आहे.

यंत्रणेचे काम असे. पट्टीचे पुढचे टोक दाबले की मागचे वर येते आणि व्हिपेन नावाच्या लाकडी तरफेला उचलते. व्हिपेनवर जॅक नावाचा काटकोनी तुकडा उभा असतो. तो हातोडीच्या बुंध्याला ढकलतो आणि हातोडी तारांकडे निघते. तारेपासून सुमारे तीन मिलिमीटर अंतर उरले की जॅकचा पाय एका बटणाला अडतो आणि जॅक बुंध्याखालून निसटतो. उरलेले तीन मिलिमीटर हातोडीने स्वतःच्या हिमतीवर जायचे असतात. जॅक निसटला नाही तर हातोडी तारेवर दाबून बसते आणि सुराऐवजी 'ठप्प' एवढेच ऐकू येते. ठोका देऊन परतणाऱ्या हातोडीला बॅकचेक झेलतो. तो झेलायला चुकला तर ती उसळून पुन्हा ठोका देते, आणि वाजवणाऱ्याला न मागता द्रुत लय मिळते. दरम्यान नमद्याचा डॅम्पर तारेवरून बाजूला होऊन तिला वाजू देतो आणि बोट उचलताच परत येऊन तिला गप्प करतो. हा सगळा खटाटोप एका पट्टीचा. अशा पट्ट्या ८८ असतात. जुन्या कित्येक पियानोंत ८५.

मुळात पियानो आडवा होता. इसवी सन १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने तो केला तेव्हा हातोडी खालून वर जाई आणि स्वतःच्या वजनाने खाली येई. १८०० साली फिलाडेल्फियात हॉकिन्स आणि व्हिएन्नात म्युलर या दोघांनी, एकमेकांना न विचारता, पियानो भिंतीला लागून उभा केला. जागा वाचली. मात्र हातोडी आता आडवी धावू लागली आणि तिला परत आणण्याच्या कामातून गुरुत्वाकर्षणाने बरेचसे अंग काढून घेतले. ते काम स्प्रिंगांवर आणि बोटाएवढ्या लांबीच्या एका कापडी किंवा कातडी वादीवर आले. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वादी रुळवली. व्हिपेन खाली येताना वादी हातोडीला मागे ओढते. उभ्या पियानोच्या दुरुस्तीचा निम्मा इतिहास म्हणजे ही वादी कुजण्याचा इतिहास आहे.

सातारा जिल्ह्यात हे वाद्य आले ते महाबळेश्वर-पाचगणीच्या थंड हवेबरोबर. जॉन चेसन याने १८६०च्या दशकात पाचगणी वसवली, त्यामागून निवासी शाळा आल्या, शाळांमागून प्रार्थना आल्या आणि प्रार्थनांना साथीला पियानो लागले. सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात फारुख बलसारा नावाचा झांजिबारचा पारशी मुलगा शिकत होता. तिथेच त्याचे पियानोचे शिक्षण झाले आणि पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झाला. याचा परिणाम असा की पाचगणी आणि पंचक्रोशीत विकायला निघालेल्या जुन्या पियानोंपैकी त्याने न वाजवलेला पियानो मिळणे आता अवघड झाले आहे. विकणाऱ्याला खूण विचारली तर तो मधल्या सप्तकातली तुटकी पट्टी दाखवतो.

सांगलीकडे परिस्थिती वेगळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत, त्यामुळे तिथल्या माणसाला सुरांची पेटी दिसली की ती नाटकाची वाटते. संगीत नाटकाला साथ असे ती पायाने भाता मारायच्या ऑर्गनची. तिच्यात सूर हवेने, पितळी जिभांतून निघतात. हातोडी, वादी, जॅक यांचा संबंध येत नाही. तरीही दोन्ही वाद्यांना पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि खाली पाय ठेवायची सोय असल्याने सांगलीत पोचलेल्या प्रत्येक पियानोला 'गंधर्वांच्या कंपनीतला ऑर्गन' म्हणून निदान एकदा तरी नमस्कार घडतो. मालकही ते खोडून काढत नाही.

भाग झिजण्याची पहिली कारणे हवेची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला एकोणीस-वीस किलोमीटरवर पाचगणीत तो बराच कमी होतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात टँकर लागतो. लाकूड, नमदा आणि कातडे तिन्ही हवेतला ओलावा पितात व सोडतात. पावसाळ्यात पिनांभोवतीचे कापड फुगून सांधे आवळतात, उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रू ढिले होतात. ब्रिटिश कारखानदार वसाहतींसाठी खास पियानो करत. त्यांना पितळी स्क्रू जास्तीचे मारलेले असत, कारण उष्ण दमट हवेत सरस सुटतो हे त्यांना कळले होते. श्रावणात पाचगणीच्या बंद बंगल्यात टॉवेल चार दिवस वाळत नाही, हे मात्र बहुधा त्यांना कुणी कळवले नसावे.

दुसरे कारण प्राण्यांचे. कसर लोकर खाते आणि पियानोत लोकरच लोकर असते. उंदराला हातोडीचा नमदा घरट्यासाठी योग्य वाटतो. त्याची निवड चुकीची नाही, कारण इतका दाट, उबदार आणि कुणी सहसा हात न लावणारा माल त्याला इतरत्र मिळत नाही. डांबराच्या गोळ्या टाकल्याने कसर काही प्रमाणात आटोक्यात राहते. उंदीर त्या गोळ्या कोपऱ्यात नीट लावून ठेवतात.

तिसरे कारण कुटुंब. पियानोचे झाकण सपाट असल्याने त्यावर प्रथम एक क्रोशाचा रुमाल येतो, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीशेजारी आजोबांचा फोटो, पुढे टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. गणपतीत आरास पियानोवर केली तर वेगळे टेबल लागत नाही, ही गोष्ट ज्या घराला एकदा कळली त्या घरातला पियानो पुन्हा भाद्रपदात वाजत नाही. सांगली भागात भडंग खात वाजवण्याची पद्धत आहे. भडंगातला शेंगदाणा दोन पट्ट्यांच्या फटीत बरोबर मावतो आणि सातारच्या कंदी पेढ्याचा चिकटा पट्टीच्या कडेला कित्येक वर्षे टिकतो. हस्तिदंती पट्ट्या पिवळ्या पडू नयेत म्हणून झाकण सदैव मिटून ठेवण्याची काळजी बहुतेक घरे घेतात. हस्तिदंत उजेडात पांढरा राहतो आणि अंधारात पिवळा पडतो.

झीज झाल्याचे मालकाच्या लक्षात येते तेव्हा तो 'एकच पट्टी अडकते' असे म्हणतो. हे विधान सर्वत्र आढळते आणि कुठेही खरे नसते. एक पट्टी अडकते, चार उशिरा परततात, सहा दोनदा वाजतात आणि दहा-बारा मुळीच वाजत नाहीत. पण त्या टोकाच्या असल्याने त्यांच्यापर्यंत कुणी गेलेलेच नसते. शाळेतल्या प्रार्थनेला जेवढी सप्तके लागतात तेवढीच झिजतात, बाकीची उंदराच्या वाट्याला येतात.

यानंतर तेलाचा टप्पा येतो. प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो की ज्याला अडलेल्या कुठल्याही वस्तूत तेल कमी पडले आहे असे दिसते. आजी खोबरेल सुचवतात, जावई शिलाई मशीनचे तेल आणतात, शेजारचे निवृत्त अभियंते सायकलच्या चेनला मारायचा फवारा घेऊन स्वतः हजर होतात. पियानोचे सांधे म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीची पिन आणि तिच्याभोवती लाल लोकरी कापडाचे अस्तर. अस्तराला तेल लागले की ते फुगते, धूळ धरते आणि जी पट्टी अधूनमधून अडकत होती ती कायमची अडकते. तेलाने पहिल्या दिवशी फरक पडतो हेच त्यातले मोठे संकट. त्या एका दिवसात उरलेल्या ८७ पट्ट्यांनाही तेल देऊन होते.

मग सुतार. सुतार येतो, पुढची फळी काढतो, आत बघतो आणि बराच वेळ बोलत नाही.

"ह्ये समदं हातानं केलंय?"

"कारखान्यात. लंडनला."

"मग तिकडंच न्या की."

हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, पण २०० ते २५० किलो वजनाच्या वस्तूबाबत तो अमलात आणणे कठीण पडते. जे सुतार असा सल्ला न देता कामाला लागतात ते फेव्हिकॉल वापरतात. जुने कारागीर ॲक्शन सरसाने जोडत. सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिराला तो भाग न मोडता काढता येतो. फेव्हिकॉलने जोडलेला भाग मोडल्याशिवाय निघत नाही, आणि ही गोष्ट सुतार गुण म्हणून सांगतो. सरसाची उलट बाजू कृष्णाकाठच्या लोकांना ठाऊक आहे. २०१९च्या महापुरात सांगलीच्या सखल भागात ज्यांच्या घरी लाकडी जुने सामान होते त्यांनी पाणी उतरल्यावर पाहिले, की सरसाचे सगळे सांधे आपापले सुटले आहेत. पूर चढताना टीव्ही, गव्हाची पोती, कपाटातली कागदपत्रे आणि बसेल तर फ्रिज एवढे माडीवर जाते. अडीचशे किलोच्या पियानोकडे पाहून घरातले सगळे पुरुष एकमताने "पाणी एवढं नाही येत" असे म्हणतात.

यापुढचा जाणकार पेटीवाला. तो पेटी आणि पायपेटी उत्तम दुरुस्त करतो. पियानोपुढे बसल्यावर तो पहिल्यांदा दोन्ही पाय पेडलवर ठेवून हवा भरतो.

"भाता कुठाय?"

"याला भाता नसतो."

"मग वाजतो कसा?"

"हातोडीनं."

यावर पेटीवाला "म्हणजे संतूर आहे" असे म्हणून उठतो, आणि खरे पाहता आतापर्यंत आलेल्या सगळ्या मंडळींत सत्याच्या सर्वात जवळ तोच पोचलेला असतो.

मिरजेचा उल्लेख इथे टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे तंतुवाद्ये होतात. शस्त्रांना पाणी आणि धार देणाऱ्या शिकलगार घराण्यांतून फरीदसाहेब सतारमेकर यांच्यासारखे कारागीर या धंद्यात आले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून त्यांचे तंबोरे होतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच पियानोमालकाचा मित्र एखाद्या रविवारी त्याला मिरजेला घेऊन जातो. पिशवीत दोन हातोड्या, एक तुटकी वादी आणि मोबाइलमधले फोटो असतात. कारागीर फोटो बघतो. बहुतेक सुरांसाठी तीन-तीन तारा, एकूण सव्वादोनशेच्या आसपास, सर्वांचा मिळून ताण पंधरा ते वीस टन.

"आणि एवढ्यात जवारी कुठल्या तारेला?"

"कुठल्याच नाही."

कारागीर फोन परत देतो. चहा मात्र मागवतो. हातोडीचा बुंधा हातात फिरवून तो लाकडाविषयी जे दोन शब्द सांगतो ते आतापर्यंत मिळालेल्या सर्व सल्ल्यांहून अधिक उपयोगी असतात: सांधा कोरडा ठेवा, आणि एक भाग बदलायचा असेल तर त्या रांगेतले सगळे बदला. मालक पहिला सल्ला लिहून घेतो.

दुसऱ्या सल्ल्यात या विषयाचे मर्म आहे. ॲक्शनमधले भाग एकाच वयाचे असतात आणि एकाच वेळी म्हातारे होतात. एक वादी तुटली म्हणून एक वादी बदलली, की शेजारची वादी महिन्याभरात तुटते. एक हातोडी नवी लावली तर तिचा आवाज इतका खणखणीत येतो की प्रार्थनेतला तेवढाच एक स्वर देवापर्यंत पोचतो. त्यामुळे शेवटी पुण्या-मुंबईहून ट्यूनर येतो, सगळे उघडून पाहतो आणि अख्खा संच बदलायला सांगतो. मालक किंमत ऐकतो, पाणी मागतो आणि सगळ्यांत झिजलेले दहाच भाग बदलण्याचा आपला प्रस्ताव मांडतो. हा प्रस्ताव ट्यूनरने प्रत्येक गावात ऐकलेला असतो.

प्रत्यक्ष काम ॲक्शन बाहेर काढण्यापासून सुरू होते. तीन-चार चकत्या फिरवल्या की ती अख्खी पुढे कलते आणि दोन हातांनी उचलता येते. ती ठेवायला घरात एकच पुरेसे लांब टेबल असते, त्यामुळे पुढील काळात कुटुंब जमिनीवर बसून जेवते. पट्ट्या उचलल्यावर खाली पेन्सिली, केसांच्या पिना, बंद झालेली चार आण्यांची नाणी, सहावीचे न दाखवलेले प्रगतिपुस्तक आणि वर सांगितलेले शेंगदाणे निघतात. प्रगतिपुस्तकाचा धनी आता चाळिशीचा असला तरी आई त्याला फोन लावतेच.

काढलेल्या प्रत्येक भागावर आकडा घालणे हा पहिला नियम. कारखान्यांनी खर्जाकडून सुरुवात करून पट्ट्यांवर आकडे ठोकलेले असतात. हातोड्यांवर आपण घालावे लागतात, कारण खर्जाच्या हातोड्या जाड, तारसप्तकाच्या बारीक आणि खर्जाकडच्या तिरक्या बसवलेल्या असतात. इथे इंग्रजी आकडे घातकी ठरतात. सहा उलटा धरला की नऊ होतो आणि एकसष्ट उलटून एकोणीस. अठ्ठ्याऐंशी उलटा धरला तरी अठ्ठ्याऐंशीच राहतो, पण तेवढ्या एका हातोडीवर काम भागत नाही. देवनागरी आकडे घातले तर ही भानगड होत नाही. घराघरांतून मात्र आकडे घालायचे काम सुट्टीला आलेल्या इंग्रजी माध्यमाच्या भाच्याला दिलेले असते. पंखा बंद ठेवावा, हाही नियम आहे. तो कुणी पाळत नाही.

वाद्या बदलणे सोपे काम समजले जाते. जुनी वादी कापायची, बुंध्यापाशी नवी अडकवायची, दुसरे टोक व्हिपेनवरच्या तारेत घालायचे. ८८ वाद्यांचे पाकीट मागवले जाते. पियानो ८५ पट्ट्यांचा निघतो. तीन उरतात. ट्यूनर गेल्यानंतर त्या तीन वाद्या टेबलावर पाहून घरातल्या मोठ्यांना झोप लागत नाही, कारण मोटार असो की मिक्सर, उरलेला भाग म्हणजे विसरलेला भाग अशी या मंडळींची पक्की समजूत असते. काका टॉर्च घेऊन आत जागा शोधतात. त्यांना ती सापडते.

हातोड्यांचे प्रकरण अधिक खर्चिक. १८२६ साली पॅरिसच्या आंरी पापने हातोडीला कातड्याऐवजी नमदा लावण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून तारेवर लोकर आपटते आहे आणि तिच्यात तारांचे चर पडत आहेत. चर उथळ असतील तर पॉलिश पेपरच्या पट्टीने नमदा वरून सोलून हातोडीला पुन्हा अंड्याचा आकार देता येतो. चर खोल असतील तर नवा संच जर्मनीहून मागवणे आले. तिथे रेनरसारखी घराणी १८८२पासून हेच करत आहेत. जर्मनी हे नाव ऐकल्यावर घरात माणदेशी पर्याय निघतो. माण, खटाव, आटपाडीकडे धनगरांची मेंढरे आहेत, त्यांच्या लोकरीची घोंगडी ऊन, पाऊस, काटे यांपुढे पिढ्यान्पिढ्या टिकते, मग हातोडीला घोंगडी का नको? उत्तर असे की घोंगडी विणलेली असते आणि हातोडीचा नमदा विणत नाहीत. बारीक लोकर ओली, गरम करून दाबत दाबत तिची घट्ट लादी करतात. घोंगडीची हातोडी लावलेला पियानो वाजतो, फक्त तो शेजारच्या खोलीत वाजतो आहे असे वाटते. काही शेजाऱ्यांनी या गुणाचे मनापासून स्वागत केले आहे.

हातोडीच्या बुंध्याला जिथे जॅक घासतो तिथे मऊ कातड्याचा तुकडा असतो. तो झिजला की पट्टी दाबताना पोकळ वाटते. सातारा-सांगलीला कोल्हापूर जवळ असल्याने कातड्याबाबत लोकांचा आत्मविश्वास दांडगा असतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे टिकाऊ खरे, पण जाड आणि कडक; शिवाय चालताना कर्र कर्र वाजली पाहिजे ही चपलेची शान पियानोत चालत नाही. हा प्रयोग झालेल्या वाद्यावर मंद रागाचे आलाप घेतले असता कुणीतरी पायऱ्या चढून येत असल्याचा भास होतो आणि श्रोते दाराकडे बघत राहतात.

पिनांचे काम नाजूक. आवळलेल्या सांध्यावर स्पिरिट आणि पाणी यांच्या मिश्रणाचा थेंब सोडतात. कापड आधी भिजते, मग वाळताना आकसते आणि पिन मोकळी होते. या रीतीचे वर्णन घरमालकापुढे जपून करावे.

"थोडं स्पिरिट लागेल."

"कशाला?"

"पाण्यात मिसळून."

"निम्मं-निम्मं?"

"साधारण."

"आणि किती माणसांना?"

दोनदा थेंब देऊनही सांधा सैल झाला नाही तर पिन काढून भोक किंचित घासावे लागते. सांधा फार सैल असेल तर एक माप जाड पिन घालतात. मापे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत चालतात. साताऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात ती मागितली असता दुकानदार खिळ्यांचा डबा पुढे करतो आणि "यातली बारीक बघून घ्या" म्हणतो.

डॅम्परच्या नमद्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. तो कडक झाला की सूर थांबताना घरघरतो, बदलावा. स्प्रिंगा गंजल्या असतील तर त्याही. इथपर्यंत आलेल्या घराला आता एक वेगळा आजार जडलेला असतो. त्याचे पहिले लक्षण म्हणजे 'उघडलंच आहे तर' हे शब्द. दहाच भाग बदलू म्हणणारा मालक आता उघडलंच आहे तर पट्ट्यांखालचे नमदे बदला म्हणतो. उघडलंच आहे तर बाहेरून पॉलिश होते, पॉलिश झालेच आहे तर मागची भिंत रंगवायला निघते, आणि हॉल रिकामा केलाच आहे तर फरशी. पट्ट्यांवरचा हस्तिदंत खरा की सेल्युलॉइड हेही उघडलंच आहे तर बघून घेतात. खऱ्या हस्तिदंती पट्टीवर पुढचा आणि मागचा तुकडा जोडल्याची बारीक आडवी रेघ दिसते. ती पाहणे पुरेसे आहे. काडी ओढून पाहण्याची दुसरी पद्धतही प्रचलित आहे. सेल्युलॉइड भडकन पेटते, त्यामुळे निकाल लगेच लागतो.

भाग बदलून झाल्यावर जुळवणी. हातोडीचे विश्रांतीचे अंतर तारेपासून सुमारे ४५ मिलिमीटर, पट्टीचा दाब दहा, जॅक सुटण्याचे अंतर तीन. ही तीन मापे प्रत्येक सुरासाठी एकसारखी आणायची. पट्टी आणि व्हिपेन यांच्यातला मोकळेपणा काढला की हातोडीचे अंतर बदलते. ते सुधारले की जॅक लवकर सुटतो. जॅकचे बटण फिरवले की बॅकचेक उशिरा झेलतो, आणि बॅकचेक वाकवला की पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात करावी लागते. या कामात ट्यूनर कुणाशी बोलत नाही. घरातले मात्र दर दहा मिनिटांनी येऊन "झालं का?" आणि "आता 'सारे जहाँ से अच्छा' वाजवून दाखवा" म्हणतात. ट्यूनर बहुधा पियानो वाजवत नाहीत. ते एकेक सूर ठोकतात. हे समजल्यावर घरातल्यांचा त्यांच्यावरचा विश्वास थोडा कमी होतो आणि दुपारच्या जेवणातली दुसरी भाजी येत नाही.

शेवटी तारा सुरात लावतात. नव्या नमद्याचा आवाज प्रथम कर्कश येतो; तो सुयांनी टोचून मऊ करतात. टोचणे थांबवायचे कुठे हे कानाला कळते, हाताला कळत नाही. दुरुस्त झालेल्या पियानोची पट्टी पूर्वीपेक्षा जड लागते, आणि आधीच्या ढिल्या पट्ट्यांवर हात बसलेल्या घरच्या कलावंताला हे मुळीच आवडत नाही. "पूर्वी जास्त गोड वाजायचा" हा अभिप्राय पैसे दिल्यानंतर लगेच येतो.

काढलेले जुने भाग टाकू नयेत. पुढच्या वेळी नवीन मागवताना तेच माप म्हणून दाखवावे लागतात. ते आकडे घालून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत आणि डब्यावर 'बिस्किटे' हा शब्द राहू देऊ नये. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की, म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधे, सूर पुन्हा तपासून घ्यावेत. पहिल्या वर्षी नवा नमदा बसतो आणि सगळी मापे थोडी सरकतात. ट्यूनरला तसे आधी कळवावे लागते. दिवाळीच्या सुमाराला तो एकाच फेरीत पाचगणी, सातारा आणि सांगली उरकतो, आणि सांगलीचा नंबर शेवटचा लागत असल्याने तिथले मालक 'पुढच्या वर्षी आधी आमच्याकडे' असे त्याच्याकडून कबूल करून घेतात. पाचगणीच्या मालकांनी तसे आधीच कबूल करून घेतलेले असते.